पाइपलाइनमधली पायरी फेल झाली तर? थांबायचं, पुन्हा चालवायचं की मागे फिरायचं?



ऑनलाइन दुकान सुरू केलं की महिन्या-दोन महिन्यांत एक वाक्य हमखास कानावर येतं. डेव्हलपरचा मेसेज येतो, "सर, बिल्ड फेल झालंय, आज अपडेट जाणार नाही." दिवाळीची ऑफर उद्यापासून, जाहिरातीचे पैसे भरून झालेले, आणि हा म्हणतो अपडेट जाणार नाही! मग आपण काय म्हणतो? "अरे काहीतरी कर, पण आजच लाव."

हे "काहीतरी कर" फार महाग पडू शकतं. कसं, ते आज समजून घेऊ. तुम्हाला कोडिंग येत नसेल तरी चालेल. दुकानाचा मालक म्हणून तुम्हाला निर्णय घ्यायचाय, आणि निर्णय घ्यायला जेवढं माहीत हवं तेवढं या लेखात आहे.

पाइपलाइन म्हणजे नक्की काय?

आपल्या तारापूर एमआयडीसीत कुठल्याही कारखान्यात माल एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जातो. कच्चा माल तपासला, प्रक्रिया झाली, नमुना लॅबमध्ये गेला, पास झाला की पॅकिंग, मग गाडी. सॉफ्टवेअरची पाइपलाइन अशीच असते, फक्त माणसांऐवजी मशीन एकामागून एक कामं करतं.

समजा, तुम्ही डहाणू-घोलवडच्या चिकूच्या चिप्स ऑनलाइन विकता. डेव्हलपरने वेबसाइटमध्ये बदल केला आणि कोड साठवणीच्या जागी पाठवला. तिथून पुढे साधारण असं होतं:

१. बाहेरून लागणारे तयार भाग, म्हणजे पॅकेजेस, उतरवून घेणे.
२. कोड एकत्र करून चालण्याजोगी वेबसाइट तयार करणे. हे बिल्ड.
३. टेस्ट. तीन पाकिटं घेतली तर बेरीज बरोबर येते का, डिलिव्हरी चार्ज एकदाच लागतो का, पैसे भरल्यावर ऑर्डर नोंदली जाते का.
४. डेटाबेसमध्ये लागतील ते बदल करणे.
५. नवी वेबसाइट सर्व्हरवर चढवणे. हे डिप्लॉय.
६. चढवल्यावर ती खरंच चालतेय का, हे बघणे.

गिटहब ॲक्शन्स, गिटलॅब, जेनकिन्स ही अशा पाइपलाइन चालवणारी नेहमीची साधनं. यातली एखादी पायरी फेल होणार, हे गृहीतच धरा. पाइपलाइन ठेवायचीच त्यासाठी. चूक गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी आपल्या घरात सापडावी म्हणून.

चिंचणी-तारापूर पट्ट्यात दागिन्यांच्या डाय बनवतात, तुम्ही पाहिलंच असेल. डायमध्ये बारीकशी खोट राहिली की त्या डायमधून निघणाऱ्या प्रत्येक नगात तीच खोट. डाय तपासताना सापडली तर एक डाय दुरुस्त करायची. माल गेल्यावर सापडली तर सगळा माल परत घ्यायचा. सॉफ्टवेअरमध्येही हिशोब हाच.

मशीनला कसं कळतं की पायरी फेल झाली?

प्रत्येक पायरी संपताना मशीनला एक आकडा परत देते. त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे काम झालं. शून्य सोडून दुसरं काहीही म्हणजे फेल. बस, एवढंच. मशीन तुमच्या वेबसाइटकडे डोळे लावून बसलेलं नसतं. ते फक्त हा आकडा बघतं.

आता यातली मेख लक्षात घ्या. पायरी आतून फसली, पण तिने शून्य परत दिला, तर पाइपलाइन हिरवीच दिसणार. आणि शून्य द्यायला लावणं अगदी सोपं असतं. कमांडच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि 'ट्रू' हा शब्द टाकला की ती कमांड कधी फेलच होत नाही. निदान मशीनच्या दृष्टीने. घाईत असलेला डेव्हलपर, ज्याला तुम्ही "काहीतरी कर" म्हणालात, तो बऱ्याचदा हेच करतो. दिवा हिरवा झाला, तुम्ही खूश झालात, आणि डिलिव्हरी चार्ज तीन पाकिटांवर तीनदा लागायला लागला.

पहिला नियम: शंका आली की थांबा

विरारच्या पुढे लोकलने रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांना 'सिग्नल फेल्युअर' हा शब्द वेगळा सांगायला नको. आपण वैतागतो. पण रेल्वेची रचनाच अशी केलेली असते की यंत्रणा बिघडली तर सिग्नल लाल राहावा, हिरवा नाही. गाडी उशिरा पोचली तरी चालेल, पण दुसऱ्या गाडीवर जाऊन आदळता कामा नये. अणुभट्टीतही हेच तत्त्व असतं. ठरलेल्या मर्यादेबाहेर काही गेलं की भट्टी आपोआप बंद होते.

आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २०२१ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या टेलिकॉम लिंकमध्ये अडचण आली आणि त्याचा परिणाम जोखीम तपासणाऱ्या यंत्रणेवर झाला. सौदे घेणारी बाजू आणि जोखीम तपासणारी बाजू या दोन वेगळ्या पायऱ्या. तपासणारी पायरी भरवशाची राहिली नाही, म्हणून एक्स्चेंजने सकाळी ११:४० ला व्यवहारच थांबवले. ते दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी ५ पर्यंत चालला.

लोक चिडले, टीका झाली, आणि बॅकअप केंद्रावर काम का हलवलं नाही हा प्रश्न रास्तच होता. पण तपासणी बंद असताना सौदे चालू ठेवणं त्याहून वाईट ठरलं असतं. पुढे मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ती आपत्ती म्हणून जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत काम बॅकअप केंद्रावर न्यायचं.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी. एक, तपासणीची पायरी फेल झाली तर पुढे जायचं नाही. दोन, किती वेळ थांबायचं आणि मग काय करायचं हे आधी ठरवून ठेवायचं. आग लागल्यावर विहीर खणायला जायचं नाही.

चांगली गोष्ट ही की गिटहब ॲक्शन्समध्ये न सांगताच असं होतं. एक पायरी फेल झाली की त्या कामातल्या पुढच्या पायऱ्या वगळल्या जातात. म्हणजे सिग्नल आधीच लाल होतो. तो हिरवा करायला मुद्दाम काहीतरी करावं लागतं.

दुसरा नियम: आधी लॉग वाचा, मग बोला

फेल झालेल्या पायरीचा लॉग, म्हणजे तिने काय काय केलं त्याची नोंद, नेहमी मिळते. बरेच जण शेवटची ओळ वाचतात. शेवटची ओळ बहुतेक वेळा "फेल झालं" एवढंच सांगते. वरून खाली या आणि पहिली चूक शोधा. पुढच्या दहा चुका तिच्याच पोटातून आलेल्या असतात.

पहिली चूक सापडली की ती तीनपैकी एका खणात टाका.

चूक आपल्या कोडमध्ये आहे. टेस्टने बरोबर पकडलंय. इथे एकच उपाय, कोड दुरुस्त करा. दहा वेळा पुन्हा चालवून ती पास होणार नाही.

चूक बाहेरची आहे. नेट गेलं, बाहेरचा सर्व्हर बंद होता, पॅकेज मिळालं नाही. २२ मार्च २०१६ ला 'लेफ्ट-पॅड' नावाचं जेमतेम ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या साठ्यातून काढून टाकलं, आणि जगभरात हजारो प्रकल्पांची बिल्ड धडाधड पडली. त्या कंपन्यांनी स्वतःचं काहीच बदललं नव्हतं. म्हणून लागणाऱ्या पॅकेजेसची प्रत स्वतःकडे ठेवणं शहाणपणाचं.

चूक टेस्टमध्येच आहे. काही टेस्ट लहरी असतात. त्याच कोडवर कधी पास, कधी फेल. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे टेस्टच्या एकूण फेऱ्यांपैकी सुमारे १.५ टक्के फेऱ्यांत असा लहरी निकाल येतो. म्हणजे गूगललाही हे चुकलेलं नाही. पण अशा टेस्टमुळे एक वाईट सवय लागते. लाल दिसलं की "असेल नेहमीचंच" म्हणायची सवय. लांडगा आला रे आला! लहरी टेस्ट लगेच बाजूला काढा, नोंद करा, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत दुरुस्त करा.

फेल झालेल्या पायरीचं करायचं काय? पाच पर्याय

१. थांबवा. टेस्ट, पैशांचा हिशोब, डेटाबेसमधले बदल, सुरक्षेची तपासणी. या पायऱ्या फेल झाल्या तर पाइपलाइन थांबलीच पाहिजे. यात सवलत नाही.

२. पुन्हा चालवा. फक्त बाहेरच्या कारणांसाठी, आणि मोजून. गिटलॅबमध्ये पायरी आपोआप पुन्हा चालवण्याची मर्यादाच दोन वेळांची आहे. दोन प्रयत्नांच्या मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. बाहेरचा सर्व्हर आधीच धापा टाकतोय, त्याला लागोपाठ धक्के देऊन काय उपयोग?

पण पुन्हा चालवण्याआधी एक प्रश्न विचारा: हे काम दोनदा झालं तर चालेल का? कुलपाची चावी दोनदा फिरवली तरी कुलूप बंदच राहतं. पण उधारीच्या वहीत तीच रक्कम दोनदा लिहिली तर गिऱ्हाईक भांडायला येतं. पॅकेज उतरवणं हे कुलपासारखं. गिऱ्हाइकांना ऑफरचा एसएमएस पाठवणं, स्टॉकमधून माल वजा करणं हे वहीसारखं. वहीसारख्या पायऱ्या आपोआप पुन्हा चालवायच्या नाहीत. आधी किती झालं ते बघायचं, मग हात लावायचा.

३. इशारा देऊन पुढे जा. काही पायऱ्या खरंच किरकोळ असतात. फोटोचा आकार थोडा मोठा आहे, कोडची मांडणी नीटनेटकी नाही. यासाठी गिटहबमध्ये 'कंटिन्यू-ऑन-एरर' आणि गिटलॅबमध्ये 'अलाऊ-फेल्युअर' अशी सोय आहे. पण ही सवलत कुठल्या पायऱ्यांना दिलीय त्याची यादी तुमच्याकडे हवी. कारण गिटहबमध्ये ही सवलत दिलेली पायरी फेल झाली तरी एकूण काम पास म्हणूनच दिसतं. आज फोटोसाठी दिलेली सवलत उद्या पेमेंटच्या टेस्टला कधी लागली, हे कळतही नाही.

४. आवराआवर नेहमी करा. पास होवो, फेल होवो, काही कामं झालीच पाहिजेत. टेस्टसाठी भाड्याने घेतलेला सर्व्हर बंद करणं, लॉग जपून ठेवणं, मालकाला कळवणं. दिवसभर धंदा झाला नाही म्हणून शटर उघडं टाकून कोणी घरी जातं का? यासाठी गिटहबमध्ये 'ऑलवेज' अशी अट लावता येते आणि जेनकिन्समध्ये 'पोस्ट' नावाचा भाग असतो. ही अट नसेल तर मधली पायरी पडल्यावर आवराआवरही वगळली जाते आणि भाड्याच्या सर्व्हरचं मीटर चालूच राहतं.

५. मागे फिरा. डिप्लॉय अर्ध्यात फसलं किंवा चढवल्यावर वेबसाइट नीट चालेना, तर आधीची चांगली आवृत्ती परत लावायची. याला रोलबॅक म्हणतात. त्यासाठी आधीची आवृत्ती जपून ठेवलेली हवी आणि परत लावायची रंगीत तालीम झालेली हवी.

अर्धवट झालेलं काम सगळ्यात धोक्याचं

पूर्ण फसलेलं काम दिसतं. अर्धवट झालेलं दिसत नाही. अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर बाजारात सौदे करणारी मोठी कंपनी. २०१२ च्या जुलैअखेर त्यांनी नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायला घेतला. सातांवर चढला, आठव्यावर राहिला. दुसऱ्या कोणी तपासलं नाही. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवरचा, वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा होऊन धडाधड ऑर्डरी टाकायला लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं.

यातल्या दोन गोष्टी नीट बघा. बाजार उघडण्याआधीच त्यांच्या सिस्टिमने चुकीचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल आपल्याच लोकांना पाठवले होते. त्या मेलकडे इशारा म्हणून कोणी बघतच नव्हतं. आणि गोंधळ सुरू झाल्यावर त्यांनी मागे फिरायचा प्रयत्न केला, पण नवा कोड काढला तो बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरून. म्हणजे जुना कोड तिथेही जागा झाला आणि आग आणखी भडकली.

तुमचा एकच सर्व्हर असेल. तरी डेटाबेस बदलला पण वेबसाइट जुनीच राहिली, असं अर्धवट तुमच्याकडेही होऊ शकतं. म्हणून डिप्लॉयनंतर "चढवलं" या शब्दावर विसंबू नका. वेबसाइटच्या एका कोपऱ्यात आवृत्तीचा नंबर दिसेल अशी सोय करून घ्या आणि स्वतः उघडून बघा.

इशारा वाजला, पण कोणाच्या कानात?

३१ जानेवारी २०१७. ज्या गिटलॅबचं नाव वर घेतलं, त्याच गिटलॅबच्या एका इंजिनिअरच्या हातून रात्री काम करताना मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला गेला. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला. ठीक आहे, बॅकअप असेलच, म्हणून बघायला गेले, तर बॅकअपची जागा रिकामी! बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर एका आवृत्तीचं आणि डेटाबेस दुसऱ्या आवृत्तीचा. त्यामुळे ती पायरी फेल होत होती. फेल झाल्याचे ई-मेलही जात होते, पण त्यांवर आवश्यक सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता.

नशीब असं की दुसऱ्याच एका कामासाठी सुमारे सहा तास आधी एकाने हाताने प्रत काढून ठेवली होती. तिच्यावरून सगळं उभं केलं. तरी सहा तासांचा डेटा गेला, सुमारे ५,००० प्रकल्प आणि ७०० नवे युजर यांच्या नोंदी गेल्या. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, उलट दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. त्यांचा हा मोकळेपणा घेण्यासारखा आहे.

आता आपल्याकडे या. गिटहबमध्ये पाइपलाइन फेल झाल्याचं नोटिफिकेशन कोणाला जातं? ज्याने ती सुरू केली त्याला. रोज रात्री ठरलेल्या वेळी चालणारं काम असेल, बॅकअपसारखं, तर ते ज्याने बनवलं किंवा ज्याने त्याची वेळ शेवटची बदलली त्याला. म्हणजे तुमचा जुना फ्रीलान्सर सहा महिन्यांपूर्वी काम सोडून गेला असेल, तर बॅकअप फेल झाल्याचा मेल त्याला जातोय आणि तुम्ही निवांत झोपताय. हे आजच तपासा. आणि बॅकअप झाला असं म्हणण्याआधी त्यावरून एकदा डेटा परत उभा करून बघा.

अडकलेली पायरी: फेलही नाही, पासही नाही

काही पायऱ्या फेल होत नाहीत, नुसत्या लटकून राहतात. गिटहब ॲक्शन्समध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर एक काम ३६० मिनिटं, म्हणजे तब्बल सहा तास चालू शकतं. मोफत प्लॅनमध्ये खाजगी कोडसाठी महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. करा हिशोब. लिनक्स मशीनवर अशी सहा कामं पूर्ण वेळ लटकली तर २,१६० मिनिटं. महिन्याचा कोटा खलास. तुमचं बिल्ड एरवी आठ मिनिटांत होत असेल तर मर्यादा पंधरा-वीस मिनिटांची लावून घ्या. पुढे गेलं की आपोआप बंद. एका ओळीचं काम आहे.

डेव्हलपरसोबत बसून हे लिहून घ्या

हे प्रश्न काम देतानाच विचारा, उत्तरं कागदावर घ्या:

१. आपल्या पाइपलाइनमध्ये कुठल्या पायऱ्या आहेत? कुठली फेल झाली तर सगळं थांबतं?
२. कुठल्या पायऱ्यांना फेल होऊनही पुढे जायची सवलत आहे, आणि का?
३. आपोआप पुन्हा चालणाऱ्या पायऱ्या कुठल्या? त्या दोनदा चालल्या तर काय होईल?
४. फेल झाल्याचा इशारा कोणाला जातो? माझ्या मोबाइलवर येतो का? मुद्दाम एकदा फेल करून दाखवा.
५. आधीच्या आवृत्तीवर परत जायला किती मिनिटं लागतात? शेवटची तालीम कधी केली?
६. प्रत्येक कामाला वेळेची मर्यादा आहे का?
७. सणाच्या किंवा सेलच्या किती दिवस आधी बदल बंद करायचे?

शेवटच्या प्रश्नावर माझं सरळ मत: मोठ्या सेलच्या आधीचे तीन दिवस नवीन काही चढवू नका. जे करायचं ते त्याआधी. मग सेलच्या आदल्या रात्री "काहीतरी कर" म्हणायची वेळच येत नाही.

आणि एक गोष्ट माणसांबद्दल. डेव्हलपर तुम्हाला "फेल झालंय" असं सांगतो तेव्हा त्याच्यावर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, टेस्टच बंद करेल. "कुठली पायरी? पहिली चूक काय आहे? पाचपैकी काय करायचं?" एवढे तीन प्रश्न शांतपणे विचारा. ज्या दुकानात नोकर चूक सांगायला घाबरतो, तिथे मालकाला तोटा गिऱ्हाइकाकडून कळतो.

तुमच्या वेबसाइटची पाइपलाइन असेल तर वरच्या यादीतला चौथा प्रश्न आजच विचारा. पाइपलाइन नसेल, डेव्हलपर हातानेच फाइली चढवत असेल, तरीही रोलबॅक आणि बॅकअपचे प्रश्न तुम्हाला लागू आहेतच. उत्तर काय मिळालं ते व्हिडिओखाली लिहा, त्यातल्या अडचणींवर पुढच्या भागात बोलू.